गावतळ्यातील झालरीचे पांढरे फूल : कुमुदिनीची खात्रीशीर ओळख

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका गावतळ्यात सप्टेंबर महिन्यात पाण्यावर तरंगणाऱ्या गोल पानांमधून बोटभर वर आलेली लहान पांढरी फुले दिसली. त्यांचा मध्यभाग पिवळा होता आणि पाकळ्यांवर केसाळ झालर होती. गावात कोणी त्यांना पांढरे कमळ म्हणते, कोणी कुमुद, आणि मोबाइलवरील अ‍ॅपने एकदा ‘वॉटर लिली’ असे तर दुसऱ्यांदा भलतेच नाव सांगितले. येत्या उन्हाळ्यात ग्रामपंचायत तळ्यातील गाळ काढणार आहे. म्हणून ही वनस्पती इथलीच आहे की जलपर्णीसारखी बाहेरून आलेली, ती दरवर्षी बियांपासून नव्याने उगवते की गाळात जिवंत राहते, आणि तिची ओळख स्वतः कशी पटवावी, हे तीन छायाचित्रे पाठवणाऱ्या शिक्षकांना जाणून घ्यायचे आहे.

आपल्या छायाचित्रांतील वनस्पती ही कुमुदिनी आहे. तिचे शास्त्रीय नाव निम्फॉइडीस इंडिका आणि कुल मेनिअँथेसी. ती भारतात मूळचीच आहे, बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षे जगणारी, आहे आणि कोकण, सह्याद्रीचा माथा व घाटाच्या पूर्वेकडील तळी अशा सर्व भागांत तिची नोंद आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जे तळे ‘कुमुदिनी तलाव’ म्हणून प्रसिद्ध आहे, तेथे पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाण्यावर पसरणारी पांढरी फुले याच जातीची. मात्र केवळ झालर पाहून मी हे नाव दिलेले नाही. आपले दुसरे छायाचित्र, ज्यात एक पान वाऱ्याने उलटलेले आहे आणि त्याच्या देठालाच फुलांचा झुपका लागलेला दिसतो, ते या तीनपैकी सर्वांत मोलाचे आहे. कारण तरंगत्या पानांच्या वनस्पतींमध्ये फुलाचा रंग बहुधा फसवतो आणि फुलाचा देठ कोठून निघतो हे बहुधा फसवत नाही.

आधी नावाचा गुंता बाजूला करतो, नाहीतर पुढचे वाचताना घोटाळा होईल. आपल्या जुन्या काव्यातील कुमुद चंद्राच्या उदयाबरोबर उमलते. ते निम्फिया या खऱ्या वॉटर लिलींच्या प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) रात्री फुलणारे मोठे फूल असून त्याचे आजच्या प्रश्नातील फुलाशी नाते नाही. प्रश्नातील कुमुदिनी सकाळी उमलते आणि दुपार कलता कलता मिटते. बोलीभाषेत कमळ, कुमुद, कुमुदिनी, पोयणी ही नावे गावागणिक एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि त्यात गावकऱ्यांची काही चूक नाही. परंतु अशा नावावरून वनस्पती ठरवू नये. नोंद करताना स्थानिक नाव अवश्य लिहावे, त्याच्या शेजारी शास्त्रीय नाव लिहावे आणि जुन्या नोंदींत हीच वनस्पती लिम्नँथेमम इंडिकम या नावाने सापडेल हे लक्षात ठेवावे. लिनेअसने १७५३ मध्ये तिला मेनिअँथेस प्रजातीत ठेवले होते आणि पुढे दीर्घकाळ तिची गणना किराईत कुलात होत असे. त्यामुळे जुने संग्रह चाळणाऱ्याला ती निरनिराळ्या कप्प्यांत शोधावी लागते.

तळ्यावर तरंगत्या पानांची आणि देखण्या फुलांची जी तीन प्रमुख कुटुंबे आपल्याकडे दिसतात, ती एकमेकांपासून किती दूरची आहेत हे सांगितले की अनेकांना नवल वाटते. निम्फिया ही सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर अगदी बुंध्याजवळ फुटलेल्या फांदीवरची आहे. खरे कमळ, म्हणजे नेलम्बो न्युसिफेरा, हे आज ज्या गणात (गण म्हणजे अनेक कुलांचा मोठा गट) धरले जाते त्याच गणात रस्त्याकडेला लावला जाणारा सिल्व्हर ओक येतो. आणि कुमुदिनी ज्या गणात मोडते तो सूर्यफूल-झेंडूचा गण. पाण्यात राहण्याची गरज सारखी असल्याने तिघींची पाने गोल, सपाट आणि लांब देठाची झाली, पण बांधणी प्रत्येकीने आपापल्या घराण्यातून आणली. म्हणूनच वरवरचे साम्य सोडून बांधणीकडे पाहिले तर तिघींमधला फरक मिनिटभरात कळतो.

ही बांधणी पाहण्याची सर्वांत सोपी रीत अशी. काठावरून बांबूच्या आकडीने एक पान हलकेच जवळ ओढावे आणि फुलाचा देठ बोटांनी पाण्याखाली चाचपत जावे. निम्फिया आणि कमळ या दोहोंत फुलाचा देठ पानाच्या देठापासून पूर्णपणे वेगळा असतो. तो सरळ खाली चिखलापर्यंत जातो आणि तेथील मूलक्षोडातून, म्हणजे गाळात आडव्या वाढणाऱ्या खोडातून, निघतो. कुमुदिनीत तसे होत नाही. पानाच्या थोडेसे खाली, पाण्याच्या पृष्ठभागाजवळच, एक पेर असते आणि त्या पेरातून फुलांच्या देठांचा झुपका निघतो. पेराच्या वर पानाचा खरा देठ अगदी आखूड असतो. आपण ज्याला लांबलचक पर्णवृंत समजतो तो पेराखालचा भाग वास्तविक खोड आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही हे प्रथम पटत नाही, कारण ते खोड देठासारखेच बारीक, मऊ आणि पोकळसर असते. परंतु त्याला पेर आहे, पेराला कळ्या आहेत आणि संधी मिळाल्यास त्याच पेराला मुळेही फुटतात. पान, फुलांचा झुपका आणि मुळे अशी तिन्ही एका जागी दिसली की निम्फिया व कमळ यांचा विचार सोडून द्यावा.

फुलांच्या झुपक्यातील सर्व कळ्या एकाच दिवशी उमलत नाहीत. रोज एखाददुसरी कळी पाण्यावर येते, उमलते आणि त्याच दिवशी मिटते. मिटलेल्या फुलाचा देठ वाकून पाण्यात जातो व फळ पाण्याखाली पिकते. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला प्रत्येक पानाजवळ एकच फूल दिसते आणि खाली मात्र त्याच पेरावर कळ्या, कालचे मलूल फूल आणि वाढणारे फळ असे सर्व एकत्र सापडते. छायाचित्र काढताना हा झुपका पाण्याबाहेर किंचित उचलून घेतला तर एका छायाचित्रात ओळखीचा बहुतेक सर्व पुरावा येतो. कासच्या तळ्यावर दुपारी उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यांची निराशा होते ती फुलांच्या या एकदिवसी आयुष्यामुळेच. तेथे आणि आपल्या तळ्यावरही पाहणी सकाळी, ऊन चांगले वर आल्यावर करावी.

आता पान. कुमुदिनीचे पान वर्तुळाकार ते हृदयाकृती असते, बुडाशी खोल खाच असते आणि कडा अखंड असतात. आकार तळ्याच्या खोलीप्रमाणे आणि गाळाच्या कसाप्रमाणे बराच बदलतो. तीन-चार सेंटिमीटरपासून तळहाताहून मोठ्या, पंधरा-अठरा सेंटिमीटरच्या पानांपर्यंत सर्व आकार मिळतात, म्हणून केवळ आकारावरून काही ठरवू नये. पान उलटून पाहावे. खालची बाजू जाडसर, स्पंजासारखी आणि बारीक ठिपक्यांची असते, पुष्कळदा तिच्यावर जांभळट झाक असते आणि शिरा ठळक उठून दिसत नाहीत. निम्फियाच्या पानाच्या खालच्या बाजूला शिरांचे जाळे चांगले उठावदार असते. त्यातही रात्री फुलणाऱ्या निम्फिया प्युबेसेन्सची पाने खालून लवदार आणि कडेला टोकदार दातांची असतात, तर दिवसा फुलणाऱ्या निम्फिया नौचालीच्या पानांच्या कडा अखंड किंवा थोड्या नागमोडी असतात. कमळाची गोष्ट सर्वांत सोपी आहे. त्याच्या पानाला खाच नसते, देठ पानाच्या मध्यावर छत्रीच्या दांड्याप्रमाणे जोडलेला असतो, जुनी पाने पाण्याच्या बरीच वर उभी राहतात, देठावर बारीक काटे असतात आणि देठ मोडला तर दुधासारखा चीक येतो.

पानावरील खाण्याच्या खुणांकडेही पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तरंगत्या पानांतून कोणीतरी नीट लंबगोल तुकडे कापून नेल्यासारखी भोके दिसली तर ते काम पाण्यात राहणाऱ्या पतंगांच्या अळ्यांचे असते. या अळ्या पानाचे तुकडे जोडून त्यांच्यामध्ये राहतात. ओळखीला याचा थेट उपयोग नाही, कारण त्या निम्फियावरही आढळतात. पण असे पान रोगट समजून औषध फवारण्याचा विचार कोणी केला तर त्याला थांबवता येते.

फुलाकडे मी मुद्दाम उशिरा वळतो आहे. कुमुदिनीचे फूल साधारण दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचे असते. पाकळ्या बहुधा पाच, क्वचित सहा-सात किंवा त्याहून अधिक असतात. त्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असून त्यांची आखूड नळी बनलेली असते, त्यामुळे फूल हलकेच ओढले तर पाकळ्या सुट्या न होता दलपुंज, म्हणजे पाकळ्यांचा सगळा संच, एकसंध निघतो. पुंकेसर पाकळ्यांइतकेच, म्हणजे बहुधा पाच, आणि तेही त्या नळीला आतून चिकटलेले. निम्फियाचे फूल याच्या अगदी उलट असते. त्यात पाकळ्या पुष्कळ आणि सुट्या, पुंकेसरही पुष्कळ आणि आतल्या पाकळ्या अरुंद होत होत पुंकेसरांत मिसळून गेल्यासारख्या दिसतात. पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर इतके मोजता आले तरी निम्फिया बाद होते, मग रंग पांढरा असो की निळा.

पाकळ्यांवरील केस ही कुमुदिनीची शोभा आणि तिची जातिविशिष्ट खूण. पाकळीच्या केवळ कडेला नव्हे, तर आतल्या संपूर्ण पृष्ठभागावर हे पांढरे, मऊ, बारीक केस दाट असतात. तळाशी पिवळा रंग असतो व त्याचा गडदपणा कमीजास्त होतो. येथेच तिच्या सख्ख्या बहिणीशी गोंधळ होतो आणि खरी काळजी येथे घ्यावी लागते. निम्फॉइडीस क्रिस्टाटा ही जातीही आपल्याकडची, तशाच तळ्यांत आणि भातखाचरांच्या कडेच्या पाण्यात वाढणारी, तशाच पांढऱ्या फुलांची आणि पिवळ्या मध्याची. देठाची परीक्षा, पानाची खाच, पाकळ्यांची संख्या या सर्व कसोट्यांवर ती कुमुदिनीसारखीच उतरते, कारण प्रजाती एकच आहे. फरक पाकळीत आहे. क्रिस्टाटाच्या पाकळीवर केसांचे दाट आच्छादन नसते. त्याऐवजी प्रत्येक पाकळीच्या मध्यरेषेवर तळापासून टोकाकडे जाणारा एक पातळ, उभा, किंचित चुण्या पडलेला पडदा असतो. फूल आकाराने लहान, पानेही बहुधा लहान आणि पुष्कळदा तांबूस कडेची. दुरून काढलेल्या छायाचित्रात तो पडदा उजेडामुळे केसांसारखा भासतो व बहुतेक चुकीच्या नोंदी तेथूनच होतात. आपल्या पहिल्या छायाचित्रात उजवीकडच्या पाकळीच्या पृष्ठभागावर सुटे केस स्पष्ट दिसतात आणि मध्यरेषेवर पडदा नाही, म्हणून मी इंडिका हे नाव निःशंकपणे देतो. तरीही त्याच तळ्यात दोन्ही जाती शेजारी असणे अशक्य नाही. तळ्याच्या निरनिराळ्या कडांवरची फुले भिंगाखाली पाहावीत. दहापट मोठे दाखवणारे साधे हातभिंग त्यासाठी पुरते.

हाच क्रिस्टाटा दक्षिण व आग्नेय आशियातून बागांसाठी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गेला आणि तेथील कालव्यांत व जलाशयांत उपद्रवी तण ठरला. त्याच्या पेरांवर खाद्य साठवणाऱ्या जाड मुळांचे गुच्छ तयार होतात आणि ते तुटून पडले की नवे रोप होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. इंटरनेटवर ‘निम्फॉइडीस’ असा शोध घेणाऱ्याला म्हणूनच ती नष्ट कशी करावी याबद्दलचे लेख आधी सापडतात. ते लेख आपल्या तळ्याला लागू करू नयेत. एखादी वनस्पती तिच्या मूळ प्रदेशाबाहेर कशी वागते, यावरून ती स्वतःच्या प्रदेशात त्रासदायक आहे असे ठरत नाही. जलपर्णी आपल्याकडे तण आहे, कारण ती दक्षिण अमेरिकेतून आली आहे. कुमुदिनीला तो न्याय लावणे चूक ठरेल.

आणखी दोन-तीन वनस्पतींची गल्लत होते, ती लवकर निपटता येते. लुडविगिया अ‍ॅडसेन्डेन्सची फुलेही पाच पाकळ्यांची, दुधी पांढरी आणि तळाशी पिवळी असतात. पण तिची पाने लांबट व एकाआड एक लागलेली असतात, त्यांना खाच नसते आणि तरंगत्या खोडावर पांढऱ्या, फुगीर, स्पंजी मुळांचे झुपके असतात. शिंगाड्याच्या फुलाला चारच पाकळ्या आणि त्याच्या चौकटीसारख्या दातेरी पानांचे देठ मध्ये फुगलेले. ऑटेलिया अ‍ॅलिस्मॉइडिसच्या फुलाला तीन पाकळ्या आणि पाने पाण्याखाली बुडालेली. काश्मीरच्या सरोवरांत सहलीला गेलेल्यांनी झालरीच्या पिवळ्या फुलांची छायाचित्रे आणून ‘कुमुदिनी पिवळीही असते का’ असे विचारल्याचे मला आठवते. ती निम्फॉइडीस पेल्टाटा ही थंड प्रदेशातील जाती होय. आपल्या तळ्यात तशी पिवळी फुले दिसली तर ती कोणी लावली का, याची आधी चौकशी करावी.

एक गोष्ट विचारली नव्हती, पण आपण पाठवलेल्या टिपणात ‘फळे फारशी सापडली नाहीत’ असे लिहिले आहे म्हणून सांगतो. कुमुदिनीच्या फुलांचे दोन नमुने असतात आणि ते वेगवेगळ्या रोपांवर येतात. एका नमुन्यात कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) लांब आणि पुंकेसर आखूड असतात, म्हणून फुलाच्या तोंडाशी कुक्षी, म्हणजे त्या दांड्याचे पराग झेलणारे टोक, दिसते. दुसऱ्यात पुंकेसर लांब आणि कुक्षिवृंत आखूड, म्हणून तोंडाशी परागकोश, म्हणजे पुंकेसरांवरील परागाच्या पिशव्या, दिसतात. फळधारणा चांगली व्हायची तर एका नमुन्याचे पराग कीटकांनी दुसऱ्या नमुन्याच्या फुलावर नेणे आवश्यक असते. कुमुदिनी तुटलेल्या पेरांतून सहज पसरत असल्याने एखादे संपूर्ण तळे एकाच मूळ रोपापासून झालेले असू शकते. अशा तळ्यात हजारो फुले असली तरी सर्व एकाच नमुन्याची असतात आणि बी अत्यल्प धरते. आपल्या शाळेतील मुलांना करण्यासारखी ही पाहणी आहे. तळ्याच्या चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणची फुले उमललेल्या स्थितीत आतून पाहायची आणि प्रत्येक ठिकाणी तोंडाशी काय दिसते ते लिहायचे. दोन्ही नमुने मिळाले तर पाण्याखालची फळेही शोधावीत. लहानशा बोंडात चपटसर, बहुधा गुळगुळीत बिया असतात. एकच नमुना मिळाला तर पुढील मुद्द्याला फार महत्त्व येते.

तो मुद्दा म्हणजे ती बहुवर्षायू असल्याचा. कुमुदिनीचा कायमचा भाग तळाच्या गाळात असतो. आडवे वाढणारे मूलक्षोड गाळात रुजलेले असते आणि पाणी वाढू लागले की त्यातून लांब खोडे वर येऊन पृष्ठभागावर पान पसरवतात. पाण्याची पातळी चढेल तसे ते खोड लांबते, म्हणून एकाच तळ्यात काठाजवळ वीतभर आणि आत पुरुषभर लांबीची खोडे मिळतात. उन्हाळ्यात पाणी आटले की पाने नाहीशी होतात. गाळ आतून ओलसर राहिला तर मूलक्षोड जिवंत राहते आणि पावसानंतर पुन्हा फुटते. पूर्ण कोरड्या पडून भेगाळणाऱ्या डबक्यांत मात्र ती बियांच्या आधारानेच परतते. अशा ठिकाणी वर्षभराचे निरीक्षण न करता तिला वर्षायू समजण्याची चूक होते. ती बहुवर्षायू आहे हे स्वतः पाहायचे असेल तर पाणी ओसरत असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, एखाद्या ओळखून ठेवलेल्या जागी हाताने गाळ बाजूला करावा. जाडसर आडवे खोड आणि त्यावरील गळालेल्या पानांचे वण दिसले की शंका उरत नाही. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, उथळ पाण्यात वाढणारा वायतुरा, म्हणजे १९८२ मध्ये नव्याने वर्णिलेला अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, हाही असाच जमिनीखालच्या कंदाच्या बळावर कोरडा काळ काढतो. पावसाळी पाणथळीतील एखादी वनस्पती उन्हाळ्यात दिसत नाही म्हणून ती मेली असे धरू नये.

पुढे कधी नमुना जपून ठेवायचा झाला तर त्याची रीत वेगळी आहे. कुमुदिनी वृत्तपत्राच्या कागदात तशीच दाबली तर पाकळ्या विरघळल्यासारख्या होतात आणि केसांची झालर, जी नेमकी ओळखीची खूण, ती नाहीशी होते. पसरट भांड्यातील पाण्यात जाड कागद बुडवून त्यावर पान, पेर आणि झुपका पसरवावा, कागद तिरका करून पाणी निथळू द्यावे आणि मग दाबावे. दोन-तीन फुले वेगळी, लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवावीत आणि फुलांचा रंग, उमलण्याची वेळ, पाण्याची खोली, तळ्याचे ठिकाण व दिनांक चिठ्ठीवर लिहावा, कारण वाळलेल्या नमुन्यात रंग व खोली राहत नाही. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिसंग्रह येथील जुन्या नमुन्यांशी तो ताडून पाहता येतो. हे केवळ आपल्या गावतळ्यापुरते. कास पठारासारख्या संरक्षित ठिकाणी, जे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे, तेथे एक फूलही तोडू नये. तेथे छायाचित्रांवरच भागवावे.

आता गाळाविषयी, कारण आपल्या प्रश्नाचे व्यवहारातील मोल तेथे आहे. गाळ काढण्याला माझा विरोध नाही. गावतळी गाळाने भरली की कुमुदिनीचीही जागा हळूहळू गवत-लव्हाळे घेतात. परंतु यंत्राने संपूर्ण तळ एकाच उन्हाळ्यात खरवडला तर मूलक्षोडे आणि गाळातील बिया दोन्ही उचलून शेतात जातात. तेथे तो गाळ पिकाला उत्तम, पण तळ्यातील कुमुदिनी संपते. त्यातून आपल्या तळ्यात फुलांचा एकच नमुना असेल तर बियांच्या जोरावर ती पुन्हा येईल ही आशा फारच अंधुक. म्हणून ग्रामपंचायतीला असे सुचवावे की ज्या काठाला वनस्पती सर्वांत दाट आहे तो काठ, तळ्याच्या साधारण तृतीयांश भागासह, यंदा तसाच ठेवावा. उरलेल्या भागातील गाळ काढावा आणि राखलेला भाग एक-दोन पावसाळे गेल्यावर, दुसरीकडे वाढ स्थिरावल्यानंतर हाती घ्यावा. काठ सरळ उभा तासण्याऐवजी उताराचा ठेवावा, कारण कुमुदिनीला मुळे धरण्यासाठी उथळ पाणी लागते आणि गुरांना व माणसांना उतरण्यासही तोच काठ सोयीचा असतो. राखीव काठ ठेवणे अगदीच अशक्य असेल तर मूलक्षोडांसह काही पाट्या चिखल शेजारच्या ओल्या खड्ड्यात किंवा शाळेच्या टाकीत हलवून पावसाळ्यात परत आणावा.

तळे पूर्ण झाकून जाईल अशी भीती कोणी व्यक्त केली तर तिच्यात थोडे तथ्य आहे हे मान्य करावे. सांडपाणी, साबणाचे पाणी आणि शेतातून वाहून येणारे खत तळ्यात मिसळत असेल तर कुमुदिनीची पाने दाट होतात. तरीही उपाय औषध फवारणे हा नाही. मरून कुजणारी पाने पाण्यातील प्राणवायू खातात आणि मासे तडफडतात. पावसाळा संपल्यावर दोरी व आकडीने मधल्या भागातील पाने विरळ करावीत, काढलेली पाने काठावर न ठेवता खतखड्ड्यात टाकावीत, आणि सांडपाण्याची वाट वळवावी. तुटलेली पेरे पुन्हा रुजतात, म्हणून विरळणी करताना तुकडे पाण्यात सोडू नयेत.

घरी टाकीत लावण्याबद्दलही आपण विचारले आहे. गावतळ्यातील एक पेर, पान व मुळांसह, रुंद तोंडाच्या कुंडीत चिकणमातीत रोवून वीतभर पाण्यात, उन्हाच्या जागी ठेवले तर ते सहज लागते. मात्र रोपवाटिकेतून आणलेल्या जलवनस्पती, त्या ‘कुमुदिनी’ नावाने विकल्या जात असल्या तरी, गावतळ्यात सोडू नयेत. त्यांच्यासोबत जलपर्णी किंवा साल्व्हिनिया या तरंगत्या तणाचे तुकडे येतात, आणि विकत मिळणारे झालरीचे फूल बाहेरच्या एखाद्या जातीचे आहे की इथलेच, हे फूल येईपर्यंत दुकानदारालाही सांगता येत नाही.

गाळ काढण्यापूर्वी एकदा, शक्यतो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी, तळ्याच्या चारही कडांवरून प्रत्येकी एका फुलाचे समोरून जवळून, एका उलट्या पानाचे आणि एका पेराचे छायाचित्र घेऊन पाठवावे, आणि प्रत्येक छायाचित्र कोणत्या काठाचे आहे ते लिहावे. त्यावरून क्रिस्टाटा तेथे आहे का, फुलांचे दोन नमुने आहेत का आणि राखायचा काठ कोणता, या तिन्ही गोष्टींचे उत्तर देता येईल, आणि ते ग्रामपंचायतीच्या बैठकीपूर्वी आपल्या हाती असेल.